मला चुना लावणाऱ्या चौघींना

प्रति,
श्रीमती परावटू ग्रंथी (एकूण चार),
मु. पो. गळा, थायरॉइडच्या पिछाडीस.

बायांनो,

पत्रास कारण की, गेले सात महिने तुम्ही एका शब्दाने बोललेल्या नाहीत. भांडण होऊन अबोला धरला असता तर मी समजू शकले असते. पण अबोला धरण्याइतकी आपली ओळख तरी कुठे होती? छप्पन्न वर्षं तुम्ही माझ्या गळ्यात राहिलात आणि मला त्याचा पत्ता नाही. कधी दुखलात नाही, खुपलात नाही, दिवाळीचं ताट आलं नाही म्हणून रुसलात नाही. असे भाडेकरू मिळायला पुण्य लागतं. मग एका मंगळवारी तुमच्या शेजारणीला, म्हणजे थायरॉइडला, घराबाहेर काढलं आणि तुम्ही चौघींनी मिळून मला चुना लावलात. लावलात तरी कसं म्हणू? अंगात फिरत होता तोही काढून घेतलात.

शेजारणीला काढणं भाग होतं, हे तुम्हालाही मान्य असेल. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, मग पदराने झाकूनही झाकेना. सुईच्या तपासणीत एक गाठ संशयास्पद निघाली. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात सर्जनांनी कागदावर फुलपाखरासारखं थायरॉइडचं चित्र काढून दाखवलं आणि म्हणाले, "दोन गोष्टी जपायच्या असतात. एक आवाजाची नस, दुसऱ्या या मागच्या चार छोट्या ग्रंथी." मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. आवाजाबद्दल मी तीनदा विचारलं. तुमच्याबद्दल एकदाही नाही. मानापमान झाला तो तिथेच, असा माझा दाट संशय आहे.

आवाज शाबूत राहिला. मंगळवारी ऑपरेशन, गुरुवारी घरी साताऱ्याला. फाइलमध्ये घरी सोडतानाचा कागद होता, त्यावर इंग्रजीत छापलेल्या पंधरा ओळींतली बारावी ओळ तुमच्याविषयी होती: तोंडाभोवती बधिरपणा वा मुंग्या आल्यास ताबडतोब कळवावे. ती मला कुणी वाचून दाखवली नाही आणि मीही वाचली नाही. टाके कधी काढायचे आणि बिल किती झालं, एवढं पाहून आम्ही गाडीत बसलो.

तुम्ही मात्र वेळ अचूक साधलीत. ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम तळाला जातं ते बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे डॉक्टर, नर्स, मॉनिटर हे सगळं मागे टाकून माणूस आपल्या माजघरात टेकून बसतो, नेमका तेव्हा. शुक्रवारी दुपारी ओठांभोवती मुंग्या आल्या. वाटलं, तिखट लागलं. पण मी तर मऊ भात आणि वरण खात होते. मग बोटांच्या टोकांना मुंग्या. सासूबाई म्हणाल्या, "अवघडून बसली असशील." संध्याकाळी पोटरीत गोळा आला. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "वारं तर नाही ना गेलं अंगावरून?" त्यांच्या पाठोपाठ आलेल्या आणखी एका जाणत्याने धनुर्वात ठरवला, कारण ऑपरेशनची जखम ताजी होती. आमच्या ह्यांनी मोबाइलमध्ये पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "पॅनिक अटॅक आहे. मोठमोठे श्वास घे."

घेतले. भराभर घेतले. तेही तुमच्या पथ्यावर पडलं. हे मला नंतर कळलं: रक्तातल्या कॅल्शियमपैकी निम्मंच मोकळं फिरत असतं, आणि नसांना, स्नायूंना, हृदयाला कामाचं असतं ते तेवढंच. उरलेलं बहुतेक अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठुंगळी बसलेलं असतं. माणूस भीतीने भराभर श्वास टाकू लागला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि मोकळं कॅल्शियमही अल्ब्युमिनच्या पाठीवर जाऊन बसतं. म्हणजे मुंग्या आल्या म्हणून घाबरायचं आणि घाबरलं म्हणून मुंग्या वाढायच्या. या सापळ्यात मी रात्री नऊपर्यंत गोल गोल फिरत होते आणि हे शेजारी बसून "आत... बाहेर..." असं मोजत होते.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडायला लावला. कंपाउंडरने रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि तेवढ्यात बाहेर कुणाची तरी मोटरसायकल घसरली म्हणून तो पट्टा तसाच ठेवून बघायला गेला. दोनेक मिनिटं गेली असतील. माझ्या डोळ्यांदेखत माझा हात माझा राहिला नाही. मनगट वाकलं, बोटं ताठ होऊन एकमेकींना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला. लहान पोराला घास भरवताना हात होतो ना, अगदी तसा. फक्त घास नव्हता, पोर नव्हतं आणि हात उघडत नव्हता. डॉक्टर आत आले, हात पाहिला, पट्टा सोडला. मग कानाच्या पुढे गालावर बोटाने टिचकी मारली. माझा ओठ मासा गळाला लागावा तसा उडाला. "कॅल्शियम," ते म्हणाले. "रिपोर्टची वाट बघू नका. निघा."

कंपाउंडरने मागाहून आरशात बघून स्वतःच्या गालावर टिचकी मारली म्हणे, आणि त्याचाही ओठ उडाला. तो रात्रभर झोपला नाही. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की टिचकीची ही खूण काही धडधाकट माणसांतही दिसते. पट्ट्याची खूण जास्त भरवशाची. तिला ट्रूसोचं नाव आहे, हा एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा डॉक्टर. टिचकीला श्वोस्टेकचं नाव आहे, तो ऑस्ट्रियाच्या लष्करातला. दोघांनीही तुमच्या उपद्रवाची खूण ओळखली, पण ही करणी कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही तेव्हाही पडद्याआडच होतात.

इस्पितळात आकडा आला ६.३. असायला हवा साधारण ८.५ ते १०.५, डेसिलिटरला मिलिग्रॅम. हृदयाच्या आलेखात एक अंतर लांबलेलं दिसत होतं, ते पाहून ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरणीचा चेहरा बदलला. मग तिने कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन घेतलं आणि माझ्या शिरेतून इतक्या सावकाश सोडलं की मला वाटलं ही झोपली की काय. दहा मिनिटं. डोळे मॉनिटरवर. घाई केली तर तेच औषध हृदयाला महागात पडतं. अंगभर ऊन पसरल्यासारखं वाटलं आणि माझी बोटं एकेक करून परत आली.

आता हिशोब ऐका. त्या दहा मिलीच्या इंजेक्शनात शुद्ध कॅल्शियम असतं जेमतेम ९० मिलिग्रॅम. घरात चहाला आणलेल्या पावशेर दुधात त्याच्या तिप्पट असतं. आणि माझ्या हाडांत? किलोभर! शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, सगळ्या रक्तात मिळून अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कणगी काठोकाठ भरलेली, आणि चुलीपुढे मूठभर दाण्यांसाठी मारामार. कारण कणगीच्या किल्ल्या तुमच्या कमरेला.

हे मला कळेपर्यंत मी तुम्हाला क्षुद्र समजत होते. क्षमस्व. तुमचं एकेकीचं वजन ३०-४० मिलिग्रॅम, चौघी मिळून सोनाराच्या एका गुंजेपेक्षा थोड्या जास्त. मसुराच्या दाण्याएवढी अंगलट, पिवळसर तपकिरी रंग, आजूबाजूच्या चरबीत अशा मिसळून बसता की अनुभवी सर्जनलाही शोधाव्या लागतात. कुणाच्या गळ्यात तुम्ही तिघीच असता, कुणाच्या पाच. एखादी छातीत उतरून बसलेली. पण रुबाब बघा. रक्तातलं कॅल्शियम केसभर खाली आलं की तुमच्या लक्षात येतं आणि तुम्ही निरोप धाडता. हाडांना सांगता, थोडं सोडा. मूत्रपिंडाला सांगता, कॅल्शियम वाया घालवू नको, फॉस्फेट मात्र फेकून दे. त्याच मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप द्यायला लावता, म्हणजे आतडं जेवणातलं कॅल्शियम ओढून घेतं. तुमच्या या निरोपाचं नाव पॅराथॉर्मोन, रिपोर्टात पीटीएच. तो रक्तात काही मिनिटंच टिकतो, म्हणून दिवसरात्र पुन्हा पुन्हा धाडावा लागतो. एकत्र कुटुंबातल्या चार जावांनी माजघरात बसून न बोलता अख्खं घर चालवावं, तसा कारभार. जेवणाच्या पंगतीत कुणी तुमचं नाव घेतलं नाही, हे खरं.

आणि एक गोष्ट मला तुमच्याच नादाने कळली. कॅल्शियम कमी म्हणजे अंग ढिलं पडणार, हाडं ठिसूळ होणार, असं आपण समजतो. इथे झालं उलटंच. नसांच्या दारावर कॅल्शियम पहारा देतं. पहारेकरी उठून गेला की नसा उगाच पेटतात, कुणी हाक मारली नाही तरी ओ देतात. मुंग्या, गोळे, आखडलेला हात, हे सगळं अशक्तपणाचं नव्हे, उतावीळपणाचं. घशाचे स्नायू असे आवळले तर श्वास कोंडतो, मेंदूत पेटलं तर झटका येतो. त्या रात्री मी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना लावलेली आरएलची बाटली बघत पडले होते. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. लंडनच्या सिडनी रिंगरने १८८०च्या दशकात बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून धडकत ठेवलं होतं. मग लक्षात आलं की ते पाणी शुद्ध नव्हतं, मदतनिसाने सरळ नळाचं घेतलं होतं. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय थांबायला लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. तो हलगर्जी मदतनीस नसता तर त्या बाटलीत आज काय असतं, देव जाणे. आमच्या नळाच्या पाण्याला मी जन्मभर नावं ठेवली, तीही मनातल्या मनात मागे घेतली.

तुमच्या खानदानाची माहिती काढल्याशिवाय मी राहणार नव्हते. चौकशीत निघालं ते हे: तुम्ही पहिल्यांदा माणसाच्या गळ्यात सापडलाच नाहीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता, तो १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली आणि थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळा गोळा टिपून ठेवला. गेंड्याच्या गळ्यात! तुमची कातडी इतकी जाड का, हे कोडं सुटलं. पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथे ईवार सँडस्ट्रोम नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आधी कुत्र्यात आणि मग माणसांत तुम्हाला शोधून काढलं, बारसं केलं आणि १८८० मध्ये लेख छापला. जगाने ढुंकून पाहिलं नाही. तुमचं काम काय, हे कळण्याआधीच त्याने १८८९ मध्ये स्वतःचा जीव घेतला. तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. इथे मला तुमच्यावर ओरडता येत नाही, म्हणून पुढे जाते.

व्हिएन्नात बिलरोट आणि बर्नमध्ये कोखर, दोघेही गलगंड काढण्यात नावाजलेले. बिलरोटच्या रुग्णांचे हात आखडत. कोखरचे रुग्ण मात्र पुढे सुजून, मंद होत जात. याचा उलगडा अमेरिकन सर्जन हॅलस्टेडने केला: बिलरोटचा हात भरभर चाले, त्या घाईत तुम्ही चौघी चिरडल्या जात आणि थायरॉइडचे तुकडे मागे राहत. कोखर रक्त सांडू न देता थायरॉइड सगळी काढी, आणि तुम्ही जागच्या जागी सुखरूप. कोखरला १९०९ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी तुम्हाला काढून टाकलेल्या कुत्र्यांना कॅल्शियम देऊन त्यांचं आखडणं थांबवलं. मला सत्तावीस मिनिटांच्या गाडीप्रवासानंतर जे मिळालं, ते जगाला मिळायला इतकी वर्षं आणि इतकी कुत्री लागली.

आता तुमच्या गैरहजेरीत माझ्या घरात काय चाललंय तेही ऐका, म्हणजे तुम्हाला समाधान वाटेल.

कॅल्शियम कमी झालंय ही बातमी साताऱ्यात वाऱ्यासारखी पसरली. नणंदेने किलोभर कंदी पेढे आणले. जाऊबाईंनी नाचणीचं सत्त्व. नाचणी खरोखरच गुणी, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. एकीने तिळाचे लाडू, आणि वर ऐकवलं की संक्रांतीला नीट खाल्ले असतेस तर ही वेळ आली नसती. सकाळी पेलाभर दूध, रात्री पेलाभर दूध. हार्मोनच्या डॉक्टरांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "तुमच्याकडे फॉस्फेट बाहेर टाकायला सांगणारं कुणी नाही. दुधात कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही येतं. दूध बेताने, गोळी नेमाने." पेढे शेवटी ह्यांनी खाल्ले. त्यांची साखर वाढली. तीही तुमच्याच खात्यावर मांडते.

आणि मोबाइलवर चुना आला. गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात रोज, शंभर आजारांवर उपाय. चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेळा पाठवला. चुन्यात कॅल्शियम असतं यात खोटं काही नाही. पण गव्हाचा दाणा हे माप नव्हे, आणि चुना दाहक, हे ज्याच्या त्याच्या जिभेला कळतं. मूळ मुद्दा तर कुणालाच कळला नव्हता: माझ्याकडे माल कमी नाही, माल काढून देणाऱ्या बाया कामावर नाहीत. कणगीवर आणखी दोन पोती ओतून काय होणार?

हे कळलं ते शेजारच्या काकूंमुळे. हो, त्याच, वारं गेलं म्हणणाऱ्या. माझं पाहून त्यांनीही तपासणी केली आणि त्यांचंही कॅल्शियम कमी निघालं, ७.८. आमच्या दोघींचे कागद मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. माझं पीटीएच ४, त्यांचं १४०. असायला हवं साधारण १५ ते ६५. त्यांच्या चौघी गळा फाडून ओरडत होत्या, हाडं उकरत होत्या, पण आतड्याचं दार उघडेना, कारण ड जीवनसत्त्वाचा ठणठणाट. भरपूर ऊन असलेल्या गावात काकू खिडक्या लावून, पडदे ओढून बसतात. त्यांना ड जीवनसत्त्वाची पुडी मिळाली आणि काही आठवड्यांत त्या सुधारल्या. आजार एकच लिहिलेला, कॅल्शियम कमी. पण त्यांच्याकडे कामकरी बायांना बाजारहाट करू देत नव्हतं कुणी, आणि माझ्याकडे बायाच बेपत्ता. मामंजींच्या वेळीही एकदा असाच आकडा कमी आला होता, तो तर आजारच नव्हता. यकृताच्या दुखण्याने अल्ब्युमिन घटलं होतं, मोकळं कॅल्शियम ठीक होतं. त्यांना आम्ही महिनाभर उगाच गोळ्या चारल्या. त्यांनी तक्रार केली नाही, ते गोळ्या कुंडीत टाकत होते हे पुढे कळलं.

माझ्या बाबतीत तुम्हाला वर आणखी एक फितूर मिळाला, तो मीच. आठ वर्षं मी रोज उठल्या उठल्या पित्ताची गोळी घेत होते. कुणी लिहून दिली होती आठवत नाही, बंद करायला कुणी सांगितलं नाही एवढं नक्की. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं मॅग्नेशियम घटतं, आणि मॅग्नेशियम फार घटलं की धडधाकट परावटूसुद्धा निरोप धाडायचं विसरते. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटची गोळी पोटात विरघळायला आम्ल लागतं, आणि तेच मी रोज मारत होते. डॉक्टरांनी पित्ताची गोळी थांबवली, मॅग्नेशियम भरलं, कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायला लावलं. तुमच्यावर शंभर टक्के खापर फोडायचं ठरवून मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता नव्वदवर आणते.

माझं सध्याचं वेळापत्रक: पहाटे साडेपाचला थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी. तिच्यात आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर, नाहीतर कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून कॅल्शियम जेवणाला, चारच्या खाण्याला आणि रात्रीच्या जेवणाला. शिवाय कॅल्सिट्रिऑल दिवसातून दोनदा. साधं ड जीवनसत्त्व पुरत नाही, ते कामाचं करायला मूत्रपिंडाला तुमचा हुकूम लागतो, म्हणून तयार केलेलंच घ्यायचं. तुम्ही हे सगळं क्षणाक्षणाला, फुकटात करत होतात. मी भिंतीवरचं घड्याळ बघून करते आणि दर महिन्याला मेडिकलवाला मला ओळखीचं हसू देतो.

यातला सर्वात अपमानास्पद भाग तो नाही. इतक्या गोळ्या खाऊन माझा आकडा ८.२ वर आला, तर मी म्हटलं, डॉक्टर, अजून थोडं वाढवू, नऊला नेऊ. ते म्हणाले, नको. तुमच्याविना मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला कुणी सांगत नाही, त्यामुळे रक्तात जास्त चढवलं की ते लघवीतून जायला लागतं आणि खडे होतात. म्हणून मला काठावरच ठेवायचं, थोडी मुंगी येईल न येईल अशा बेताने. छप्पन्न वर्षं पूर्ण पगारावर जगलेल्या बाईला आता जेमतेम भागेल एवढाच पगार. वर डॉक्टर सहज बोलून गेले की असं बरीच वर्षं चाललं तर हाडं पातळ नाही, उलट जास्तच भरीव होतात, कारण त्यांच्यातून काढणारं कुणी नसतं. म्हणजे मरताना माझी कणगी साताऱ्यातली सर्वात गच्च असेल. अभिनंदन करा माझं.

आता तुमच्या बाजूचं. तुमची बाजू मी मुद्दामच शेवटाला ठेवली, वकिलासारखी. ऑपरेशनची नोंद मी शेवटी मागून आणली आणि मुलीकडून मराठीत समजावून घेतली. चारपैकी तिघी सर्जनांना दिसल्या. दोघी जागेवर राहिल्या, पण तुमच्याकडे येणाऱ्या धाग्याएवढ्या रक्तवाहिन्यांना धक्का लागला असावा. तिसरीचा रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवले. शिक्षण खात्यात तीस वर्षं काढली आहेत मी, असली बदली मला कळते: गाव नवं, घर नाही, पाणी नाही, आणि पहिल्या दिवसापासून काम सुरू करा. चौथी कुठे गेली ते नोंदीत नाही. कदाचित थायरॉइडबरोबर प्रयोगशाळेच्या बाटलीत गेली. कदाचित कुठेतरी चरबीत तोंड लपवून बसली आहे. तसं असेल तर बाई, तुला मी ओळखते, माझ्या वर्गात दरवर्षी एक तुझ्यासारखी असायची.

थायरॉइड पूर्ण काढलेल्या पुष्कळांच्या ग्रंथी अशाच काही दिवस किंवा आठवडे बधिर होतात आणि मग कामावर येतात. थोड्यांच्याच कधी येत नाहीत. सहा महिन्यांपर्यंत डॉक्टर हंगामी संप म्हणतात, काही जण वर्षभर वाट बघतात, मग कायमचा शेरा मारतात. माझे सात झाले. पण पीटीएच ४ वरून तिसऱ्या महिन्यात ८ झालं होतं आणि सहाव्यात ११. म्हणून मी शेरा मारू दिलेला नाही. डॉक्टरांचं पेन मी हातात धरलं, अक्षरशः. वर्षाचा निकाल सातव्या महिन्यात लावत नाहीत, असं त्यांना सांगितलं.

सोमवारी सकाळी पुन्हा रक्त द्यायचं आहे. तुम्ही काय ते तिथेच बोला. शब्द नकोत, आकडा पुरे.

तुमची घरमालकीण

ता. क. हे लिहिता लिहिता चार वाजून गेले आणि खालचा ओठ डाव्या बाजूला चुरचुरायला लागला आहे. म्हणजे गोळीची वेळ टळली. सासूबाई आतून विचारताहेत, "पत्र कुणाला एवढं मोठं?" त्यांना काय सांगू?